झल्लाकच्या फळीवरचं जंगल

बहारीनमध्ये चिडाचे, म्हणजे पाइनचे, जंगल नाही. इथे खजूर आहे, काटेरी झुडपे आहेत, मआमीरच्या बाजूला धुराडी आहेत आणि बाकीची हिरवळ नळीच्या पाण्यावर उभी आहे. या देशात डॉ. रंजना गजभिये आपल्या आयुष्यातली बरीच वर्षे राहिल्या. त्यांचा विषय होता : चिडाच्या जंगलाला खत दिले, तर त्यातला किती नायट्रोजन झाड घेते आणि बाकीचा कुठे जातो.

त्या मनाम्यात आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहत. दारावरची पाटी नवऱ्याच्या नावाची होती, प्रभाकर गजभिये. प्रभाकर झल्लाकच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात स्टोअर सांभाळत. रंजनाताई घरी अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवत. दोघेही भंडारा जिल्ह्यातले. घरात बुद्धाची छोटी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी तितक्याच मोठ्या चौकटीत एका डोंगरउताराचा फोटो. त्यात माणूस नव्हता. नुसती झाडे होती. पाहुणा विचारी, हे कुठले? त्या म्हणत, "हे जळलं आता."

बाई ठेंगण्या, चष्मा दोरीला अडकवलेला, पायात कायम कॅनव्हासचे बूट. मातीत बोट घालण्याची त्यांना सवय होती. इमारतीच्या लॉबीत दोन कुंड्या होत्या. लिफ्ट येईपर्यंत त्या एका कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसत आणि मग त्याचा वास घेत. वॉचमन बांगलादेशी होता. आपल्या पाणी घालण्याची तपासणी चालली आहे, असे त्याला वाटे. बाई दिसल्या की तो आधीच सांगून टाकी, "मॅडम, आज सुबह दिया, वल्ला." बाई म्हणत, "दिया होगा. उसने लिया क्या?" यावर काय उत्तर द्यायचे ते त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

हाच त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा होता. "दिलं म्हणजे घेतलं असं नसते." ट्यूशनच्या मुलांना हे वाक्य पाठ होते. ती मुले मराठी समजत, पण उत्तर इंग्रजीत देत. रंजनाताईंनी शिकवलेली गोष्ट त्यांना समजली की नाही, याची खात्री कोणालाच देता येत नसे, कारण बाई शिकवताना स्वतःच मध्ये थांबत आणि म्हणत, "हे असं काऊन होते, मलाही नीट ठाऊक नाही." मुलांना याची सवय नव्हती. एकाने घरी जाऊन सांगितले, "आँटी डझन्ट नो." त्याच्या आईने ट्यूशन बदलली. तो मुलगा पुढच्या महिन्यात आपण होऊन परत आला.

तरुणपणी हिमालयाच्या उतरणीवरच्या एका चीडवनात त्यांनी काम केले होते. काम सांगायला सोपे होते. जंगलात जमिनीचे तुकडे आखायचे, त्यांवर युरिया पसरायचा आणि काही ऋतू गेल्यावर त्यातला नायट्रोजन सुयांसारख्या पानांत, मुळांत, मातीत, झिरपत्या पाण्यात आणि हवेत शोधायचा. हा युरिया बाजारातला नव्हता. त्यातला नायट्रोजन नेहमीच्यापेक्षा किंचित जड होता, त्यामुळे यंत्राला तो ओळखता येई. रंजनाताई मुलांना गावाकडचे उदाहरण देत.

"आमच्याकडे दोन घरच्या बकऱ्या मिसळू नयेत म्हणून शिंगाला रंग लावतात. माझ्या बकऱ्या लाल शिंगाच्या. जंगलात सोडल्या. संध्याकाळी परत मोजल्या."

"अँड?"

"कमी भरल्या."

झाडांनी थोडाच घेतला होता. बराचसा पाचोळ्यात आणि मातीत अडकला होता, तिथल्या सूक्ष्म जीवांनी धरून ठेवला होता. काही अमोनिया होऊन उडाला, काही पावसाबरोबर खाली गेला. हे सगळे धरूनही एक हिस्सा उरत होता, आणि तो कुठेच सापडत नव्हता. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, लग्न झाले, प्रभाकरांना बहारीनची नोकरी लागली. नंतर ते जंगल वणव्यात गेले आणि उतारावरून रस्ता काढला गेला. संस्थेने जुने नमुने टाकायला काढले, तेव्हा रंजनाताईंनी आपले मागून घेतले. कागदी पुड्यांत सुया, पाचोळा, माती. सगळ्या पुड्या झाकणाच्या एका प्लास्टिकच्या बॉक्समध्ये. तो हिस्सा शोधायचा, तर या बॉक्सशिवाय जगात आता दुसरी जागा उरली नव्हती. त्यांचा अंदाज होता की तो मातीतच असावा आणि त्या काळच्या यंत्राला दिसला नसावा. अंदाज असे म्हटले तरी त्या लगेच थांबवत. "अंदाज पण नाही. नुसतं वाटते."

प्रभाकर उंच, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पत्नीला ते सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणत. त्यात अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती. त्या विषयातले आपल्याला काही समजत नाही, असे ते आधीच जाहीर करत, आणि मग बोलत.

"मला एवढंच समजते पत्रकार साहेब, की माल आला, माल गेला, आणि मधात कमी भरला. स्टोअरवाल्याला शॉर्टेज चालत नाही. मॅडमला काऊन चालावं?"

"मला चालते असं कोण म्हणाले?" रंजनाताई स्वयंपाकघरातून म्हणत.

"तुम्ही चालवून राहिल्या ना पण. इतकी वर्षं."

एकदा अमवाजच्या बेटांवर राहणाऱ्या एका पुणेकर बँकरला कोणीतरी सांगितले की आपल्यात एक 'पाइन एक्स्पर्ट' बाई आहेत. बँकरच्या व्हिलासमोर दोन शोभेची सूचिपर्णी झाडे होती, मजल्यामजल्यांनी फांद्या फुटलेली, आणि ती पिवळी पडत चालली होती. त्यांनी गाडी पाठवली. रंजनाताईंनी आग्रह केला म्हणून मीही गेलो. बँकर दारातच उभे होते.

"युरिया दोनदा टाकला मॅडम. तरी पिवळंच."

"कुठे टाकला?"

"बुंध्याशी. वरून."

"आणि ऊन?"

"ऊन आहेच. बहारीन आहे."

"मग गेला असेल."

"कुठे गेला?"

रंजनाताईंचा चेहरा उजळला. "तेच तर!"

बँकर माझ्याकडे बघू लागले. बाई वाळूत गुडघे टेकून बसल्या, बोट घातले, वास घेतला, जीभही लावली असावी. यजमानांनी कॉफी आणली. ती निवली. तासाभराने त्यांनी विचारले, "तर मग उपाय काय?" बाई म्हणाल्या, "अजून सांगता नाही येत." त्यानंतर त्या स्वतःच टॅक्सीने आणखी दोनदा जाऊन आल्या. काही आठवड्यांनी झाडांना हिरवा रंग परत आला. बँकरने मिठाई पाठवली. प्रभाकरांनी ती खाल्ली. रंजनाताई मात्र कष्टी होत्या.

"अहो, झाडं हिरवी झाली ना?" प्रभाकर म्हणाले.

"झाली. कशाने झाली ते समजलं का? मी तर काहीच केलं नाही."

"मग मिठाई परत करू का?"

"तुम्ही ठेवली आहे का परत करायला?"

भीमजयंतीच्या कार्यक्रमात एका वर्षी त्यांना भाषण करायला सांगितले. विषय दिला होता, शिक्षणाचे महत्त्व. भाड्याचा हॉल, स्टेजवर निळा पडदा, पुढच्या रांगेत मुले. रंजनाताईंनी सगळ्यांना जय भीम केला आणि म्हणाल्या, "मी शिकले म्हणजे मी काय शिकले, ते सांगते." मग त्यांनी जंगलात युरिया टाकल्यावर काय काय होते, ते सांगायला सुरुवात केली. आधी लोक ऐकत होते. थोड्या वेळाने आपण काय ऐकत आहोत, याबद्दल हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एका मुलीने वडिलांना मोठ्याने विचारले, "इज धिस सायन्स?" वडिलांनी तिला गप्प केले. त्यांनाही ते माहीत नव्हते.

शेवटी मागून एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांची गावाकडे धानाची शेती होती. "ताई, सगळं चांगलं सांगितलं. पण शेवटी खत द्यावं का नाही?"

"कोणत्या झाडाला? माती कशी? पाऊस केव्हा?"

"म्हणजे द्यावं का नाही?"

"झाडाला लागते त्यापेक्षा ते आधी मातीला लागते, काका. माती आधी जेवते. मग उरलं तर झाड. पण कधी कधी मातीच झाडाला नंतर हळूहळू देते. मग ते खत आपण दिलं की मातीने दिलं, सांगा बरं?"

काका खाली बसले. निवेदकाने माईक घेतला आणि "यल्ला, जेवण तयार आहे" असे जाहीर केले. टाळ्या पडल्या त्या जेवणाला की भाषणाला, हे कळायला मार्ग नव्हता. सगळ्यात मागे प्रभाकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. जेवताना ते प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगत होते, "मॅडमची एक गोष्ट ध्यानात ठेवा. माती आधी जेवते."

डिसेंबरात त्या मोठ्या सुपरमार्केटला जात. नाताळासाठी थंड देशांतून खरी झाडे कंटेनरने येतात, जाळीत बांधलेली. रंजनाताई त्यांच्या रांगेत फिरत, फांदी वाकवत, एखादी सुई चुरगळून नाकाशी नेत. विकत कधी घेत नसत. गार्ड नेपाळी होता. पहिल्या वर्षी त्याने हटकले. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "मॅडम, हमारे गाँव में इसका भाई होता है. सल्ला बोलते हैं." मग दोघे त्या थंडगार दालनात उभे राहून चिडाच्या डिंकाबद्दल, वणव्याबद्दल, सुयांवरून पाय घसरतो त्याबद्दल बोलत राहिले. लोक ट्रॉल्या ढकलत बाजूने जात होते. त्या वेळी रंजनाताईंना काहीही समजावून सांगावे लागत नव्हते. बहारीनमध्ये मी त्यांना तसे फक्त तिथेच पाहिले.

आता बॉक्सची गोष्ट.

आखातातली कुटुंबे उन्हाळ्यात लीव्हवर गावी जातात, तेव्हा घराचा एसी बंद करून जातात. महिना-दीड महिना बंद राहिलेले घर परत येईपर्यंत भट्टी होते. त्यामुळे निघण्याआधी नाजूक वस्तू वाटून टाकायची रीत आहे. जो मागे राहणार, त्याच्याकडे लोणची, कढीपत्त्याची कुंडी, औषधे, किल्ल्या. गजभिये निघाले की लोणचे माझ्याकडे येई, कुंडी वरच्या मल्याळी कुटुंबाकडे जाई. बॉक्स मात्र कोणाला मिळत नसे. तो प्रभाकर स्वतः स्टाफ बसमध्ये मांडीवर घेऊन झल्लाकला नेत. त्यांच्या स्टोअरचा एसी बाराही महिने चालू असे.

मी एकदा म्हटले, "माझ्याकडे ठेवा की. मी यंदा इथेच आहे."

"तुमच्याकडे लाइट गेली म्हणजे?" ते म्हणाले. "तिकडे जनरेटर आहे. मॅडमचं जंगल आहे ते."

असे किती उन्हाळे गेले, कोणी मोजले नाहीत.

प्रभाकरांच्या रिटायरमेंटच्या आधीच्या हिवाळ्यात रंजनाताईंना एका जुन्या सहकाऱ्याचा मेल आला. हे गृहस्थ त्याच जंगलात त्यांच्याबरोबर काम करत. आता ते एका थंड देशात प्रोफेसर होते. नव्या यंत्राला चिमूटभर माती पुरते, तुझे नमुने असतील तर पाठव, हरवलेला हिस्सा मातीत आहे का ते बघू, असे त्यांनी लिहिले होते. परवानगीची कागदपत्रेही त्यांनीच पाठवली. रंजनाताईंनी प्रत्येक पुडीतले अर्धे काढून पाठवले. मग त्या वाट बघू लागल्या. ट्यूशनमध्ये त्यांनी एकच समीकरण दोनदा शिकवले आणि मुलांनी ते सांगितले नाही.

उत्तर आले ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. पूर्वी मोजला होता त्याहून मातीत एकूण नायट्रोजन जास्त निघाला होता. थोडा जास्त नव्हे. चिडाखालच्या हलक्या मातीत इतका असूच शकत नाही, इतका. प्रोफेसरांनी विचारले होते, या पुड्यांचे काय झाले आहे?

रंजनाताई वर आल्या. हातात फोन होता. "दिलं त्यापेक्षा जास्त परत मिळालं," त्या म्हणाल्या. "असं कसं होईल?"

पुढचे काही दिवस त्या शंका काढत राहिल्या. यंत्र चुकले. पुड्यांवरचे नंबर चुकले. तेव्हाचे मोजमापच चुकले, म्हणजे प्रबंधच चुकला. आल्या आल्या त्यांनी मआमीरजवळ भाड्याने घर घेतले होते, तिथल्या धुराड्यांची हवा पुड्यांना लागली. मग त्यांनीच ते खोडले. तिथे त्या फक्त एक हिवाळा राहिल्या होत्या आणि बॉक्स तेव्हा त्यांच्याकडे आलाच नव्हता. एका संध्याकाळी चहा घेताना त्या पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या, तेव्हा प्रभाकरांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, रागावू नका. पण तुम्ही शॉर्टेजसारखा विचार करून राहिल्या. हे तर जास्त भरलं आहे."

"मग?"

"कमी भरलं म्हणजे कोणी तरी नेलं. जास्त भरलं म्हणजे कोणी तरी आणून ठेवलं. आमच्याकडे जास्त भरलं तरी ऑडिट बसते. उलट जास्तच बसते."

"जंगलाच्या पुडीत कोण आणून ठेवेल?"

"ते शोधा ना. मी स्टोअरचं सांगितलं."

रंजनाताईंनी कप उचलले आणि त्या आत निघून गेल्या. मला तेव्हा वाटले, त्या चिडल्या आहेत.

हॉटेलने प्रभाकरांसाठी निरोपाचा चहा ठेवला. कुटुंबाला बोलावणे होते. मी गाडी चालवत त्यांना झल्लाकला घेऊन गेलो. दुपारची वेळ होती, समुद्रावर वारा होता आणि हॉटेलच्या काचांवर मिठाची पांढरी साय धरली होती. दोन पोरे शिडीवर चढून ती पुसत होती. केक कापला गेला, मॅनेजरने दोन वाक्ये बोलून घड्याळ दिले. मग प्रभाकर म्हणाले, "चला मॅडम, तुम्हाला माझं राज्य दाखवतो. इतकी वर्षं म्हणता, दाखवा दाखवा."

स्टोअर लांबट होते, थंड, चकचकीत. फळ्यांवर टॉवेल, साबण, बल्ब, सगळे एका रेषेत. प्रभाकर पुढे चालत होते.

"आणि हा तुमचा कोपरा. वरची फळी. एसीची हवा सरळ इथे येते. उंदीर नाही, धूळ नाही, ओल नाही. दर उन्हाळ्यात बॉक्स इथेच. कोणाला हात लावू दिला नाही."

फळीखाली निळे ड्रम होते. रंजनाताई तिथे थांबल्या. त्यांनी नाक वर केले, कुंडीतले बोट हुंगताना करत तसे.

"वास येऊन राहिला."

"कशाचा?"

"तुम्हाला नाही येत?"

"मला?" प्रभाकरांनी हुंगून पाहिले. "स्टोअरचा येते. स्टोअरसारखा."

मलाही वास येत होता. डोळ्यांना किंचित झोंबणारा. रंजनाताई खाली वाकल्या आणि ड्रमवरची अक्षरे वाचू लागल्या. काचा पुसायचे द्रावण होते. त्यात अमोनिया होता.

"हे ड्रम इथेच असतात?"

"पहिल्यापासून. समुद्राकडच्या काचा आहेत ना, रोज मीठ बसते, रोज पुसावं लागते. इथून बाटल्या भरून देतो पोरांना." मग त्यांनी विचारले, "काऊन?"

"काही नाही," रंजनाताई म्हणाल्या. "छान ठेवलं आहे तुम्ही सगळं."

परतताना प्रभाकर पुढच्या सीटवर घड्याळाचा बॉक्स मांडीवर ठेवून झोपले. रंजनाताई मागे होत्या. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर दुःख होते की हिशेब चालला होता, ते मला ठरवता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लॅपटॉप घेऊन आल्या. प्रोफेसरांना मेल लिहिला होता. इंग्रजी बघून द्या, म्हणाल्या. मेलमध्ये सगळे होते. सुका पाचोळा आणि आम्लधर्मी माती हवेतला अमोनिया शोषून घेते. पुड्या कागदाच्या होत्या. बॉक्सचे झाकण घट्ट बसत नव्हते. दर उन्हाळ्यात तो बॉक्स सफाईच्या द्रावणांच्या ड्रमांवरच्या फळीवर ठेवला जाई, आणि तो तिथे माझे पती नेऊन ठेवत.

मी विचारले, "पतीचा उल्लेख हवाच का? 'एका गोदामात' एवढे पुरेल."

"नाही पुरत. कुठे ठेवलं, कसं ठेवलं, दर वर्षी कोणी नेलं, पुढच्या माणसाला हे कळलं नाही तर तो भलतंच समजेल."

"त्यांना सांगितले?"

"अजून नाही."

"मग आधी मेल, की आधी ते?"

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "आशा एवढीच आहे. जो बाहेरून आला तो साधा. त्याच्या शिंगाला रंग नाही. माझ्या बकऱ्या लाल शिंगाच्याच. कळपात दुसऱ्याच्या कितीही घुसल्या तरी लाल शिंगाच्या वेगळ्या मोजता येतील. येतील ना?" मी म्हटले, मला यातले समजत नाही. "मलाही पक्कं नाही समजत," त्या म्हणाल्या. "आतल्या काही निघून गेल्या असल्या तर?"

संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावले. प्रभाकर सोफ्यावर बसले होते, आजूबाजूला अर्धे भरलेले कार्टन. रंजनाताईंनी तो मेल उभ्याने वाचून दाखवला, एकेक वाक्य मराठीत करून. आवाज वर्गात असे तसाच होता. शेवटच्या वाक्यापर्यंत आल्या आणि थांबल्या, पण वाचले. 'माझे पती.'

प्रभाकरांनी एक पेन खिशातून काढले, परत ठेवले. वॉशिंग मशीन आत फिरत होते.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या जंगलाला इतकी वर्षं मीच खत घालून राहिलो होतो."

रंजनाताईंनी लॅपटॉप मिटला. त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे समोर उभे राहूनही सांगता येत नव्हते. प्रभाकर उठले, त्यांच्याजवळ गेले आणि तिथे जाऊन काय करावे ते न सुचल्याने कार्टनला टेप लावू लागले.

"मला वास काऊन नाही आला मॅडम?"

"रोजचा झाला होता तुम्हाला."

"तुम्ही कधी यायला पाहिजे होतं. मी किती वेळा म्हटलं."

"हो. यायला पाहिजे होतं."

मेल त्याच संध्याकाळी गेला. व्हिसा संपायला आला होता. घर रिकामे होत गेले. डोंगराचा फोटो सगळ्यात शेवटी उतरला. ट्यूशनची मुले भेटायला आली आणि इंग्रजीत रडली. प्रोफेसरांचे उत्तर आले नव्हते. रंजनाताई फोन हातातून खाली ठेवत नव्हत्या. पुन्हा मोजून काही निघाले नाही, तर तो हिस्सा शोधायची जगातली शेवटची जागाही गेली, हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

निघायच्या दिवशी हॉटेलने व्हॅन पाठवली. वॉचमन बॅगा चढवत होता, प्रभाकर त्याला कोणती बॅग कशावर ते सांगत होते. तेवढ्यात रंजनाताई लॉबीच्या दारातच उभ्या राहिल्या. फोनवर त्या वाचत होत्या. एकदा वाचून त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली.

"तुमच्या प्रोफेसरांचं?" प्रभाकरांनी बॅग हातात धरूनच विचारले.

"हो. त्यांनी खुणेचा, लाल शिंगाचा, वेगळा मोजला. तुमचा वेगळा."

"माझा किती निघाला?"

"लई."

ते क्षणभर ताठ उभे राहिले. मग भानावर आले. "आणि हरवलेला? सापडला का?"

"नाही. मातीत नाही. मी तेव्हा मोजलं होतं तितकंच आहे. कमी तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच."

प्रभाकरांनी बॅग खाली ठेवली. "मॅडम, दोन वेळा, दोन माणसांनी, दोन यंत्रांवर मोजून शॉर्टेज तेवढंच आलं, तर मोजणारा चुकला नाही म्हणायचं. तुम्ही तेव्हा बरोबर मोजलं होतं."

रंजनाताईंनी फोन खाली केला. हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, असे चेहऱ्यावरून वाटले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ते ठीक आहे. पण मग तो गेला कुठे?"

"हवेत गेला असेल."

"हवा मी मोजली होती."

"सगळी?"

"सगळी कशी मोजता येईल?"

"मग!"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्यांनी माझा निरोप घेतला, पण घाईत, दुसऱ्या बोलण्याच्या मध्येच. प्रभाकर पुढे बसले आणि लगेच वळून मागे पाहू लागले. रंजनाताई सीटच्या कडेवर पुढे झुकल्या होत्या. व्हॅन वळली आणि विमानतळाला जाणाऱ्या मुहर्रकच्या पुलाकडे निघाली. मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. दोघेही एकाच वेळी बोलत होते. कोण कोणाचे ऐकत होते, ते दिसले नाही.